भागोआबांची जीभ आणि रावजीची मेंढरं

आमच्या भागोआबांच्या जिभेवर अख्खं मिठागर चालायचं. मी त्यांची सख्खी पुतणी, पण उगाच कोणाचं कौतुक करायची मला सवय नाही, तेव्हा सांगते ते खरं धरा. वाफ्यातल्या पाण्यात ते करंगळी बुडवायचे, जिभेला लावायचे, डोळे मिटून जरा वेळ उभे राहायचे आणि म्हणायचे, "परवा सकाळी." परवा सकाळी त्या वाफ्यात मीठ धरलेलं असायचं. मालकाने एकदा मुंबईहून पाण्याचा खारेपणा मोजायची काचेची नळी आणली. आबा सांगायचे तेच ती नळी सांगायची, शिवाय तिला धुवावं-पुसावं लागायचं. महिन्याभरात ती मालकाच्या कपाटात गेली आणि आबांची करंगळी कामावर राहिली.

त्या जिभेचा त्यांना गर्व होता. दुसरं गर्व करण्यासारखं त्यांच्याकडे फारसं नव्हतंही. खाडीला बांध घालून राखलेलं थोडं भातशेत, मुंबईला गोदीत कामाला असलेला एकुलता एक धर्मा, आणि ठमाकाकीसारखी बायको, जिच्यापुढे आबाच काय, गावचा पोलीस पाटीलही आवाज खाली ठेवायचा. आबा स्वभावाने मऊ होते. शब्द दिला की तो पाळण्यासाठी जिवाचं रान करायचे. हा गुण लांबून बरा दिसतो, घरच्यांना मात्र जड जातो.

दर वर्षी भात कापून झालं की घाटावरून रावजी धनगर मेंढरं घेऊन खाली उतरायचा. कापलेल्या शेतात मेंढरं बसवली की त्यांच्या लेंड्यांचं खत होतं, आणि आमच्या खारट जमिनीला त्या खताचा मोठा आधार. बदल्यात रावजीला भात मिळायचा. चैत्र लागला की तो आणि त्याचे भाऊ पुन्हा घाट चढायचे. कोकणातला वैशाख मेंढरांना सोसत नाही, असं तो म्हणायचा. "आमच्याकडं ऊन कडक, पन कोरडं. तुमच्यात ऊन आन वाफ, दोनी येकदम."

सत्तावन्न साली निघायच्या आठवड्यातच त्याचा पाय दुखावला. खाडीच्या चिखलात तळपायात शिंप घुसली आणि चार दिवसांत पाय गुडघ्यापर्यंत सुजला. अलिबागच्या दवाखान्यात महिनाभर तरी राहावं लागेल, असं ठरलं. भावांना थांबता येईना, ते मोठा कळप घेऊन गेले. रावजीच्या वाट्याच्या मेंढ्यांना मात्र उशिराची कोकरं होती. ती लहान कोकरं घाट चढणारी नव्हती, म्हणून त्याच्या चोवीस मेंढ्या कोकरांसकट आबांच्या शेतातच राहिल्या.

"आबा, माझं एवढंच हाय," बैलगाडीत पाय लांब करून पडलेला रावजी म्हणाला.

"तू पाय बरा करून ये. चोवीसच्या चोवीस मोजून घे," आबा म्हणाले. झालं, शब्द देऊन बसले.

गाडी हलायच्या आधी रावजीने त्यांना पढवलं. "ऊन चढलं की मेंढरू खात न्हाय. त्याच्या मागं लागू नका. तांबडं फुटताना चारायला काढा, मंग उन्हं कलल्यावर. दुपारी येकमेकांच्या पोटाखाली मुंडकी घालून उभी ऱ्हातील. भिऊ नका, तीच त्यांची सावली. पन पान्यावर नदर ठेवा. उन्हाळ्यात मेंढरू दुप्पट पितं. पानी पिलं न्हाय तर ते पहाटंचापन चारा टाकंल."

पहिला पंधरवडा बरा गेला. आबांनी शेताच्या कडेला नारळाच्या झापांचा मांडव घातला आणि चार माणसं लावून विहिरीजवळची गुरांना पाणी पाजायची दगडी डोण त्या सावलीत आणून ठेवली. पहाटे मेंढरं बांधावर जायची, ऊन तापायच्या आत मांडवात यायची. कुठली फणसाचा पाला आधी खाते, कुठली दुसरीच्या तोंडचं ओढते, हे आबांना तोंडपाठ झालं. "माझ्या पोराला ह्यांनी कधी एवढं खेळवलं न्हाय," असं ठमाकाकी शेजारणींना सांगायची.

मग वैशाख आला. आमच्याकडचा वैशाख वाचून कळायचा नाही. वाफ्यांतलं पांढरं मीठ डोळ्यांवर येतं, वारा सकाळपासून पडलेला असतो, आणि आलेला घाम अंगावरून हटत नाही. विहिरीचं पाणी तळाला गेलं. मेंढरांची तोंडं उघडी, बरगड्या भात्यासारख्या हलताहेत. दुपारचं खाणं सुटलं ते रावजीने सांगितल्यासारखंच होतं. पण पुढे संध्याकाळचं सुटलं, आणि एके दिवशी पहाटे मेंढरं बांधावर जाऊन नुसती उभी राहिली.

आबांनी यावर डोकं चालवलं. मिठागरात उन्हात राबणाऱ्या माणसाला पेजेत मीठ जास्त लागतं. नुसतं पाणी ढोसलं की पोटऱ्यांत गोळे येतात, हे आमच्या गावातलं शेंबडं पोरही जाणतं. घामावाटे मीठ जातं आणि म्हणून भूक मरते, असा आबांचा हिशेब. माणसाला जे लागतं ते मेंढराला का लागू नये? त्यांनी डोणीतल्या पाण्यात मीठ घालायला सुरुवात केली. किती, तर आपल्या जिभेला जरा कळेल इतकं.

मेंढरं डोणीशी यायची, ओठ बुडवायची आणि मागे सरायची. मग तहान अनावर झाली की पुन्हा येऊन चार घोट घ्यायची. आबा करंगळी बुडवून चव घ्यायचे. पाणी त्यांना चांगलंच लागायचं. म्हणजे दोष उन्हाचाच, असं धरून ते आणखी मूठभर मीठ टाकायचे. हे सगळं ते किती मायेने करत होते, ते आठवलं की मला अजून वाईट वाटतं.

आठव्या दिवशी एक मेंढी मेली. आबांनी तिला बांधाच्या कडेला पुरलं आणि त्या दिवसापासून त्यांचं जेवणावरचं मन उडालं. मेलेल्या मेंढीचं दोन महिन्यांचं कोकरू घराच्या मागच्या पडवीत आणून बांधलं. "हे बी जाईल उद्या-परवा," असं म्हणत ठमाकाकीने ते सुनेच्या हवाली केलं.

सून म्हणजे धर्माची बायको, केसर. डोंगराकडच्या गावची, भातशेती करणाऱ्या घरातली. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर लग्न झालेलं, म्हणजे हा तिचा आमच्याकडचा पहिलाच उन्हाळा. धर्मा मुंबईला, तो शिमग्याला चार दिवस येऊन गेलेला. केसर फार बोलायची नाही. पण डोंगराच्या पायथ्याशी मोळी आणायला जायचं म्हटलं की सगळ्यांच्या आधी तयार. एवढ्या उन्हात दीड कोस चालून जाते, पोर कष्टाळू आहे, असं सगळा गाव म्हणायचा.

त्याच सुमाराला मी चौलच्या सासरहून आबांकडे माहेरपणाला आले. माझा थोरला तेव्हा रांगत होता. इथे माझी एक गोष्ट सांगायला हवी. लग्न होऊन चौलला गेले आणि पहिल्या दिवशी मी आमटी केली. सासऱ्यांनी एक घास खाल्ला, तांब्याभर पाणी प्यायले आणि सासूला म्हणाले, "पोरगी माहेरून मीठ घेऊन आलीय वाटतं." मी चुलीपुढे बसून रडले. मला ती आमटी अळणी लागत होती. चौलच्या वाडीतलं गोडं पाणी पिऊन पिऊन दोन वर्षांनी माझी जीभ बदलली. आता माहेरी येऊन पाण्याचा पहिला घोट घेतला तर ते चांगलंच मचूळ लागलं. पण माहेरच्या पाण्याला नावं ठेवायला तोंड उघडेना. मी गपचूप प्यायले. तोंड उघडलं असतं तर दोन दिवस आधी सगळं निस्तरलं असतं, हे मला तेव्हा कुठे माहीत होतं.

आबांना मी दारातच बघितलं. माणूस निम्मा झाला होता. मी आल्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी आणखी दोन मेंढ्या बसल्या त्या उठल्याच नाहीत. आबा पडवीत येऊन खांबाला टेकले. "गोदू, त्याचं तेवढंच होतं गं," ते मला म्हणाले. "तो दवाखान्यात निवांत पडलाय, मी बघतोय म्हणून. त्याला तोंड कसं दावू?" मी पोराला मांडीवर घेऊन नुसती बसले.

तेवढ्यात मागून कराकरा आवाज आला. मेलेल्या मेंढीचं कोकरू फणसाचा पाला खात होतं. आईविना, सगळ्यांत अशक्त, सगळ्यांच्या आधी जायला हवं होतं ते. आणि ते पानावर पान ओढत होतं. आबा उठून त्याच्यासमोर बसले आणि कितीतरी वेळ बघत राहिले.

"हे खातंय," ते म्हणाले. "त्याच झाडाचा पाला. ऊन तेच. मंग हे कसं खातंय?"

"चोरून कोंडा घालत असंल ही," ठमाकाकी म्हणाली. केसर दाराआड उभी होती. तिने मान खाली घातली.

"पोरी, मी रागवत न्हाय," आबा म्हणाले. "माझी तेवीस मरायला टेकलीत. ह्याला तू काय दिलंस, तेवढं सांग."

केसर वळली, पडवीच्या कोपऱ्यातल्या लाकडांच्या ढिगाशी गेली, दोन-चार लाकडं बाजूला केली आणि आतून एक भोपळ्याची तुंबडी काढली. माहेरून आणलेली, तोंडाला फडक्याचा बोळा लावलेली.

"पानी," ती म्हणाली. "डोंगराच्या झऱ्यावरचं. मोळीला जाते तवा भरून आनते. माझ्यापुरतं होतं. त्यातलंच ह्याला देते थोडं थोडं."

आबांनी तुंबडी घेतली. एक घोट तोंडात घेतला, इकडून तिकडे फिरवला, डोळे मिटले. वाफ्यावर उभे राहायचे तसेच उभे राहिले. आम्ही तिघी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

"ह्याला चवच न्हाय," ते म्हणाले.

"पान्याला चव नसती, आबा," केसर म्हणाली.

तिने हे उलट बोलायचं म्हणून म्हटलं नव्हतं. कोणी वाट विचारली तर सांगावी, तशी ती म्हणाली. ठमाकाकीने तिच्याकडे बघितलं. आबा मात्र तसेच अनवाणी उन्हात निघाले. मांडवात जाऊन ओंजळभर डोणीतलं पाणी प्यायले, परत आले, तुंबडीतलं प्यायले, पुन्हा डोणीशी गेले. मीही त्यांच्यामागे गेले आणि डोणीतलं पाणी तोंडात घेतलं. घेतलं आणि थुंकले. त्यापेक्षा भरतीचं खाडीचं पाणीसुद्धा परवडलं असतं असं मला वाटलं.

"आबा, हे खारट हाय," मी म्हटलं. "हिरीचंच पानी मचूळ झालंय, त्यात तुमी मीठ घातलंत. मला चौलला गेल्यावर कळलं. आपल्या सगळ्यांच्याच जिभा अशा झाल्यात."

"मला तर हेच पानी वाटतंय," आबा डोणीकडे बघत म्हणाले. "ते तिचं कायच वाटत न्हाय. साठ वर्सं ह्या जिभेवर लोकांनी वाफं सोडलं माझ्या हवाली."

मग ते परत पडवीत आले. मला वाटलं आता झऱ्यावर न्यायला बैलगाडी बघा म्हणतील. पण ते केसरसमोर थांबले.

"हे पानी तू कवापासनं पितीस?"

"शिमग्यापासनं."

"आन जेवान?"

तिने कोकरापुढे पाला सरकवला. आबांनी पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाली, "भाकरी खाते. कालवान घशाखाली उतरत न्हाय."

तेव्हा कुठे मी तिच्याकडे नीट बघितलं. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकत होत्या. गालफडं बसली होती. उन्हाने तिला खाणं जात नाही, असं ठमाकाकी म्हणायची आणि आम्ही सगळे माना डोलवायचो. ती बोलली का नाही, असं तिला कोणी विचारलं नाही, आणि विचारण्यासारखं होतं तरी काय? मिठागरवाल्याच्या घरात पहिल्या वर्षाची सून मिठाला आणि पाण्याला नावं ठेवायला लागली तर तिच्या आईबापांचा उद्धार होतो. मी बाई असून मला हे कळायला हवं होतं. मी तर चौलला असल्याच कारणाने रडून आलेली.

त्याच दुपारी आबांनी शेजारच्या कोंडाजीची बैलगाडी मागून घेतली, दोन पिंपं चढवली आणि स्वतः झऱ्यावर गेले. मी आणि केसरने डोण राखेने घासून, तीन वेळा धुऊन काढली. पिंप रिकामं होताना मेंढरं लांबूनच उभी होती. त्या डोणीवरचा त्यांचा विश्वास उडाला होता. मग एका म्हाताऱ्या मेंढीने ओठ बुडवले, आणि या खेपेला ती मागे सरली नाही. क्षणात सगळी तुटून पडली. एकदम फार पिऊ नयेत म्हणून आबा मध्ये हात घालून त्यांची तोंडं बाजूला करत होते आणि करता करता रडत होते. बसलेल्या दोघींना केसरने वाटीने पाजलं.

त्या आठवड्यात ऊन काही कमी झालं नाही. दुपारी मेंढरं तशीच एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून उभी राहायची, पाल्याला तोंड लावायची नाहीत. पण तिसऱ्या दिवशी पहाटे आबा बांधावरून धावत घरी आले आणि मला हाताला धरून घेऊन गेले. अंधारात मेंढरं दिसत नव्हती, नुसता गवत तुटल्याचा आवाज येत होता. आम्ही उजाडेपर्यंत तो ऐकत उभे राहिलो. बसलेल्या दोघीही पुढे उठल्या. गाडीच्या दोन खेपा रोज चालू राहिल्या आणि त्यातली एक घागर केसरची म्हणून चुलीजवळ राहू लागली.

घरातही एक बदल झाला. जेवायला बसले असताना आबांनी जाहीर केलं, की आजपासून भांड्यात मीठ पडायचं नाही, ज्याने त्याने ताटात आपापलं घ्यावं. ठमाकाकीने यावर एक शब्द काढला नाही, आणि ज्यांनी ठमाकाकीला पाहिलंय त्यांनाच याची किंमत कळेल. मिठागरात आबांची जीभ त्यानंतरही कधी चुकली नाही. फक्त वाफ्याशिवाय दुसरीकडे ते तिच्यावर भरवसा ठेवेनात. आमटी कशी झालीय असं विचारलं तर "केसरला इचारा" म्हणायचे.

पावसाला आठ-दहा दिवस असताना रावजी काठी टेकत आला. आधी शेतात गेला, मेंढरांच्या पाठीवरून हात फिरवला, मोजली, मग ओटीवर येऊन बसला. आबांनी त्याला मोजल्याचं विचारूही दिलं नाही.

"तेवीस हायती," ते म्हणाले. "येक मी मारली. पान्यात मीठ घालून." आणि मग पहिल्यापासून सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. आपली दुभती शेळी घेऊन जा, असंही म्हणाले.

रावजीने काठी मांडीवर आडवी घेतली. एवढं सगळं ऐकून त्यालाही वाईट वाटलं असणारच. शेवटी म्हणाला, "शेळी ऱ्हाऊ द्या. माझ्या हातनंबी गेलीत मेंढरं. मुकं जनावर, आबा. त्याला बोलता येत न्हाय. राखणाऱ्याला काय काय म्हनून कळावं?"

"मेंढरं बोलली रे," आबा म्हणाले. "डोणीत तोंड घालून मागं सरली, ती बोललीच की. रोज बोलत होती. पन ही माझी सून मागंबी सरली न्हाय. आमी वाढलं ते पुढ्यात घेऊन बसली."

केसर तेव्हा रावजीसाठी चहा घेऊन दारात आली होती. तिने कपबशी खाली ठेवली आणि उंबऱ्यावरच बसून रडायला लागली. लग्न होऊन आल्यापासून सगळ्यांसमोर ती पहिल्यांदाच रडत होती. तिला कोणी गप्प केलं नाही. ठमाकाकी उठली, झऱ्याच्या घागरीतलं पाणी तांब्यात घेतलं आणि सुनेच्या हातात दिलं.